माप कुठून धरलं?

सॅन दिएगोहून समुद्राच्या कडेकडेनं उत्तरेला निघालं की अर्ध्या-पाऊण तासात कार्ल्सबाड लागतं, आणि गावाच्या दक्षिण अंगाला ला कोस्टाच्या टेकड्या. आज तिथे घरांच्या रांगा आहेत, दारांत गाड्या आहेत, कुंपणांवर बोगनवेल आहे. 1970च्या दशकाच्या मध्यावर मात्र घरं यायची होती आणि रस्ते आधी येऊन बसले होते. नवं, काळंभोर, गुळगुळीत डांबर, बेताचा उतार, आणि रहदारी शून्य. आसपासच्या पोरांनी रविवारी तिथे शंकू मांडायला सुरुवात केली. एका रेषेत मांडलेल्या शंकूंमधून नागमोडी वळत खाली यायचं, घड्याळ लावून. बर्फावरच्या स्कीइंगमधून आलेलं त्याचं नाव स्लॅलम. हेन्री हेस्टर, बॉबी पिअर्सी ही या डांबरावर मोठी झालेली नावं. त्या काळातल्या छायाचित्रांत ती पोरं अनवाणी दिसतात, हात पसरलेले, गुडघे मुडपलेले, आणि फळी अशी वाकडी झालेली की आता उलटणार असं वाटावं.

मी तिथून वीस मिनिटांवर राहतो. गेली काही वर्षं शनिवार-रविवारी मीही शंकू मांडतो. ती छायाचित्रं पुष्कळदा पाहूनही माझी नजर हातांवर आणि चेहऱ्यांवरच खिळायची. फळीखाली, चाकं आणि लाकूड यांच्यामध्ये जो वीतभर रुंदीचा धातूचा तुकडा असतो, त्याकडे लक्ष गेलं ते एकदा पडल्यावर. हा लेख त्या तुकड्याच्या कोनाबद्दल आहे.

त्याला ट्रक म्हणतात. प्रत्येक फळीला दोन, एक पुढे आणि एक मागे. फळीच्या पोटाला चार बोल्टांनी घट्ट बसते ती बेसप्लेट. चाकांचा दांडा ज्याच्या पोटातून आरपार जातो तो हॅंगर. हॅंगरचं एक टोक बेसप्लेटमधल्या छोट्या वाटीत टेकलेलं असतं, आणि त्याच्या मधल्या कड्यातून किंगपिन नावाचा जाड बोल्ट जातो. कड्याच्या दोन्ही बाजूंना युरेथेनचे दोन गोळे असतात, त्यांना बुशिंग म्हणायचं. स्केटबोर्डला हॅंडल नसतं, ब्रेक नसतो. तुम्ही पायानं एका कडेवर वजन टाकता, फळी झुकते, चाकं मात्र चारही जमिनीवर टेकलेली राहतात, आणि त्या ओढाताणीत दांडा वळतो. उजवीकडे झुकलात की पुढची चाकं उजवीकडे वळतात आणि मागची डावीकडे. म्हणून फळी उजवीकडे वळते.

झुकण्यातून वळणं कसं निघतं हे समजायला घरातल्या दोन बिजागऱ्या पुरतात. दाराची बिजागरी उभी असते. दार फक्त बाजूला फिरतं. पेटीच्या झाकणाची आडवी असते. झाकण फक्त वरखाली होतं. आता अशी बिजागरी कल्पा जी ना उभी ना आडवी, तिरपी आहे. तिच्यावर बसवलेली वस्तू उचलायला गेलात तर ती थोडी फिरेलही. ट्रकमध्ये वाटीपासून बुशिंगच्या मध्यापर्यंत जी अदृश्य रेषा जाते, ती ही तिरपी बिजागरी. तिचं वरचं टोक फळीच्या टोकाकडे आणि खालचं टोक फळीच्या मध्याकडे असतं, पुढच्या ट्रकमध्येही आणि मागच्याही. ती फळीशी किती अंशांचा कोन करते यावर सगळं ठरतं. कोन शून्य असता तर फळी पेटीच्या झाकणासारखी नुसती कलंडली असती आणि सरळ गेली असती. नव्वद असता तर दांडा दारासारखा मोकाट फिरला असता. वापरातले कोन साधारण 15 ते 60 अंशांच्या मध्ये.

ही युक्ती स्केटबोर्डहून फार जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये फर्निचरचा धंदा करणाऱ्या जेम्स प्लिम्प्टन यांनी 1863 साली चार चाकांच्या स्केटचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या चाकांच्या बुटांची चाकं एका ओळीत घट्ट बसवलेली असत. सरळ जायचं तर ठीक, वळायचं तर कसरत. प्लिम्प्टननं चाकांच्या दोन जोड्या तिरप्या बिजागरीवर बसवल्या, मध्ये रबराचा गादीसारखा तुकडा दिला, आणि माणूस घोटा कलंडवून वळू लागला. हे पेटंट इतकं मोलाचं ठरलं की इंग्लंडमध्ये त्याच्यासाठी खटले झाले. 1876 सालचा प्लिम्प्टन विरुद्ध माल्कमसन हा खटला आजही पेटंट कायद्याच्या पुस्तकांत असतो, कारण एखादी गोष्ट ‘आधीच प्रसिद्ध’ कधी समजायची हा प्रश्न त्यात सोडवला गेला. मला त्यातलं रबर महत्त्वाचं वाटतं. तिरपी बिजागरी आणि तिला जागेवर परत आणणारी गादी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे प्लिम्प्टनच्या चित्रात लख्ख दिसतं. दीडशे वर्षांनंतर आम्ही त्यांची गल्लत करतो.

स्केटबोर्डवाल्यांनी सुरुवातीला रोलर स्केटचेच ट्रक काढून फळीला ठोकले. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रॅंक नॅसवर्दी यांनी युरेथेनची चाकं आणली, पकड वाढली, वेग वाढला, आणि जुने अरुंद ट्रक अपुरे पडू लागले. 1975च्या सुमारास बेनेट आणि ट्रॅकर हे खास स्केटबोर्डसाठी घडवलेले ट्रक बाजारात आले. ला कोस्टाच्या त्या रविवारांचं वय तेच. पुढे किंगपिन फळीच्या मध्याकडे तोंड करून असणारे नेहमीचे ट्रक आणि टोकाकडे तोंड करून असणारे उलटे, असे दोन वंश झाले. उद्यानांत आणि पायऱ्यांवर उड्या मारणारे अजूनही पहिलेच वापरतात. 2021 साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हेच दिसले, आणि 2022च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाडनं सुवर्ण जिंकलं तेही याच प्रकारच्या फळीवर. तिथे कोन कारखान्यानं दिलेला, कायमचा. ज्यांना उतारावर वेग हवा, शंकूंमधून वळायचं आहे किंवा पाय जमिनीला न लावता मैलोन्‌मैल जायचं आहे, त्यांनाच कोन बदलावासा वाटतो.

कोन आणि वळण यांचं नातं दहावीच्या त्रिकोणमितीत बसतं. फळी किती अंश झुकली त्याचा साइन घ्या, त्याला बिजागरीच्या कोनाच्या टॅननं गुणा. जे येईल तो दांडा जितका वळला त्या कोनाचा टॅन. फळी 20 अंश झुकवली तर 20 अंशांचा ट्रक दांडा सुमारे 7 अंश वळवतो, 35चा साडेतेरा, आणि 50चा 22. म्हणजे कोन अडीच पट झाला तर वळण तिपटीहून वाढलं. टॅन कसा चढत जातो हे ज्यांनी आलेखाच्या कागदावर काढलं आहे त्यांना नवल वाटणार नाही. 45च्या पुढे प्रत्येक अंश महाग होत जातो.

पुढचा आणि मागचा कोन सारखाच ठेवला तर फळी आपल्या मध्याभोवती वळते. पुढचा 50 आणि मागचा 20 ठेवला तर वळण्याचा बिंदू मागे सरकतो. चाकांच्या दोन जोड्यांमधलं अंतर 45 सेंटिमीटर असेल तर तो मागच्या दांड्यापासून अवघ्या साडेदहा सेंटिमीटरवर येतो. शेपूट जवळजवळ स्थिर, नाक चपळ. स्लॅलमच्या फळ्या अशा असतात. मागचा पाय स्थिर जमिनीसारखा मिळतो, त्याच्यावर रेटा देऊन पुढचा भाग डावी-उजवीकडे फेकता येतो, आणि त्या फेकण्यातूनच वेग निर्माण होतो. पाय न टेकता केवळ अंगाच्या हेलकाव्यानं लांबचा पल्ला गाठणाऱ्यांचं तंत्रही हेच. फ्लोरिडातल्या होमस्टेड इथल्या मोटारशर्यतींच्या धावपट्टीवर चोवीस तास फळीवर राहण्याची स्पर्धा भरते. तिथे हेलकाव्यावर जाणाऱ्यांच्या फळ्या उलट्या करून पाहा, पुढचे आणि मागचे ट्रक वेगळ्याच कोनात दिसतील.

या असमान कोनांची एक किंमत असते, आणि ती शंकूंनी शिकवली. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेवरून जात नाहीत, आतून कापतात. वर सांगितलेल्या फळीवर 20 अंशांच्या झुकावाला हा फरक सुमारे 6 सेंटिमीटर भरतो. पुढचं चाक शंकूला चाटून सुखरूप गेलं की मन पुढच्या शंकूवर जातं, आणि मागे टप्‌ असा आवाज येतो. पडलेल्या प्रत्येक शंकूसाठी वेळेत दंड, आणि ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त पडले तर फेरी बाद. त्या 6 सेंटिमीटरांसाठी वाट बाहेरून धरायची सवय लागायला मला अख्खा उन्हाळा लागला.

आता पडलो तेव्हाचं. तेव्हा माझ्याकडे कोन बदलणारे ट्रक नव्हते. पाचरी होत्या. सुतार चौकट सरळ करायला पाचर मारतो, तशीच ही प्लॅस्टिकची पाचर बेसप्लेट आणि फळी यांच्यामध्ये घालायची. एका टोकाला पातळ, दुसऱ्या टोकाला जाड. नियम सोपा आहे. जाड बाजू फळीच्या मध्याकडे ठेवली की कोन वाढतो, टोकाकडे ठेवली की कमी होतो. पुढच्या ट्रकला हाच, मागच्यालाही हाच. माझ्या लांब फळीवर पुढे 50चा ट्रक होता आणि मागे 40चा. उतारावर स्थिर वाटावं म्हणून मागच्याखाली 10 अंशांची पाचर घालून तो 30 करायचा बेत होता. फळी उलटी, अंधारलेलं गॅरेज, कामावरून आल्यावरची घाई. पाचर उलट्या बाजूनं बसली. मागचा ट्रक 30 व्हायच्या ऐवजी 50 झाला.

सपाट रस्त्यावर काही कळलं नाही. उलट फळी फार गोड वळत होती. उतारावर, तासाला तीसेक किलोमीटरच्या वेगात, मागचा पाय डावीकडे सरकल्यासारखा झाला. मी सावरलो, तो उजवीकडे गेला. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त. चौथ्या की पाचव्या हेलकाव्याला मी रस्त्यावर होतो. हेल्मेट आणि हातमोजे होते म्हणून मनगटाच्या एका हाडावर निभावलं. सहा आठवडे प्लास्टर.

प्लास्टरमध्ये असताना मी आकडेमोड केली. 30चा टॅन 0.58, 50चा 1.19. मागची चाकं मी ठरवल्यापेक्षा दुपटीहून जास्त वळत होती, आणि मागची चाकं जेव्हा वळतात तेव्हा शेपूट वळणाच्या बाहेर फेकतात. दोन्हीकडे 50 अंश, चाकांमध्ये 70 सेंटिमीटर, वेग तासाला 36 किलोमीटर, असं धरून पाहिलं तर फळी फक्त 1 अंश झुकली की फळीवरच्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांश इतका आडवा झटका बसतो. एक अंश म्हणजे पायाच्या अंगठ्यानं जरा जास्त दाबणं. पुढे 30 आणि मागे 15 ठेवले तर तोच झटका दोन दशांशांवर येतो. वेग वाढत जातो तसं कमी वळण पुरतं, आणि ट्रक मात्र तेवढंच वळण देत राहतो.

या थरथरीवर गंभीर काम झालेलं आहे. कॅलिफोर्नियातल्याच डेव्हिसच्या विद्यापीठातल्या मॉन्ट हबर्ड यांनी 1979 साली स्केटबोर्डच्या आडव्या स्थैर्याचं गणित मांडलं, आणि पुढच्या वर्षी त्यात माणसाचं नियंत्रण आणलं. 2016 साली बुडापेस्ट आणि ब्रिस्टलच्या संशोधकांनी, वार्सेगी, ताकाच, स्तेपान आणि होगन यांनी, त्यात माणसाची प्रतिक्रिया उशिरा येते ही गोष्ट घातली. डोळ्यांना, कानाला, घोट्याला कळतं आणि पाय हलतो, यांच्यामध्ये क्षणाचा एक तुकडा जातो. हळू चालताना तो खपून जातो. वेगात तुम्ही दिलेला प्रत्येक आधार उशिरा पोचतो आणि नव्या धक्क्यासारखा काम करतो. माझा तिसरा आणि चौथा हेलकावा मीच दिला होता. त्याच अभ्यासात मध्यापेक्षा थोडं पुढे उभं राहण्याचा फायदाही दाखवला आहे. उतारावरचे जुने लोक ‘वजन पुढच्या पायावर’ असं का सांगतात त्याला गणिताचं पाठबळ मिळालं.

त्याच दिवसांत बाबा कोल्हापूरहून आले होते, सहा महिन्यांसाठी. बाबांची नोकरी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत गेली, फाउंड्रीच्या मशिन शॉपमध्ये. पंपांचे आणि ट्रॅक्टरचे भाग ओतून आले की ते मापात आणायचं काम. माझा मोडलेला हात पाहून आई रडली. बाबांनी फळी मागितली. ती उलटी करून मांडीवर घेतली, हॅंगर हलवून पाहिला, बेसप्लेटवर ओतीवात उमटलेला आकडा अंगठ्यानं चाचपला.

“हे पन्नास कुठनं धरलंय?”

“म्हणजे?”

“अरं, माप कुठनं धरलंय? फळीपास्नं? जमिनीपास्नं? का ह्या पाटाच्या तळापास्नं?”

“बाबा, तुम्ही चहा घ्या ना,” मी म्हटलं, कारण मला उत्तर येत नव्हतं.

मशिन शॉपमध्ये कुठलंही माप घेण्याआधी एक पृष्ठभाग ठरवतात आणि सगळी मापं त्याच्यापासून मोजतात. बाबा त्याला डेटम म्हणत, इतक्या सहज की लहानपणी मला तो मराठी शब्द वाटे. त्यांचं म्हणणं असं की डेटम सांगितल्याशिवाय आकडा सांगणं म्हणजे गाव न सांगता घर नंबर सांगणं. बेसप्लेटवरचा 50 हा बेसप्लेटच्या तळापासून धरलेला असतो. रस्त्याला बेसप्लेटशी काही देणंघेणं नाही. रस्त्याला दिसतो तो बिजागरीच्या रेषेचा जमिनीशी होणारा कोन. त्या दोघांमध्ये पाचर आहे, फळीचा बाक आहे, आणि माणसाचं वजन आहे.

हात बरा झाल्यावर मी कोन बदलणारे ट्रक घेतले. असे ट्रक थोडे लोकच वापरतात, आणि ते बहुतेक लहान कारखान्यांत अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरून काढलेले असतात. बेसप्लेट दोन भागांत असते. वरचा भाग फळीला, खालचा हॅंगरला, मध्ये सांधा. काहींत ठरावीक खाचा असतात, काहींत कोन सलग फिरतो आणि बाजूचे दोन बोल्ट पान्ह्यानं आवळले की जागेवर बसतो. कडेला अंशांच्या रेघा. पाचरींचा ढीग, लांब-आखूड बोल्टांचा गुंता, सगळं संपतं. बाबांना तो सांधा आवडला. रेघा आवडल्या नाहीत.

“ह्या रेघा बघून आवळ, पण वहीत लिहू नको. वहीत मोजलेलं लिही.”

मोजायचं कसं यावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. पहिला विचार येतो तो बिजागरीची रेषाच मोजण्याचा. वाटीच्या मध्यातून आणि बुशिंगच्या मध्यातून सळई घालून तिचा कोन काढायचा. पण ती रेषा धातूच्या आत असते, तिची दोन्ही टोकं नेमकी सापडत नाहीत, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीनं अंश हलतो. बाबांचा मार्ग वेगळा होता. ट्रक जे काम करतो तेच त्याला करायला लावायचं आणि त्या कामावरून कोन काढायचा.

फळी चाकांवर टेबलावर ठेवली. टेबलाची पातळी आधी पाहून घेतली. चुंबकाचा डिजिटल कोनमापक टेबलावर ठेवून शून्य केला, मग फळीवर आडवा ठेवला. एका कडेखाली लाकडी ठोकळे सरकवत फळी बरोबर 20 अंश झुकवली आणि क्लॅम्पनं धरली. टेबलावर आलेखाचा कागद चिकटवलेला; त्यावर फळीच्या लांबीला काटकोनात एक रेघ, गुण्या लावून ओढलेली. आता मागच्या दोन्ही चाकांच्या तोंडाला टेकून एक सरळ अॅल्युमिनियमची पट्टी ठेवायची. पट्टी दांड्याला समांतर असते, म्हणून दांडा जितका वळला तितकीच ती तिरपी दिसते. आलेखावर 60 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन ठिकाणी पट्टी आणि रेघ यांच्यातलं अंतर मोजायचं आणि वजाबाकी करायची. बस्स. तो फरक भागिले 60 म्हणजे वळणाचा टॅन. त्याला 20च्या साइननं, म्हणजे 0.342नं भागलं की बिजागरीच्या कोनाचा टॅन हातात. फरक साडेसात सेंटिमीटर आला तर ट्रक 20 अंशांचा. मग फळी दुसऱ्या बाजूला झुकवून तेच पुन्हा, आणि दोन्हींची सरासरी. डाव्या-उजव्यात मोठा फरक आला तर वाटी झिजलेली आहे किंवा दांडा वाकलेला आहे. माझ्या जुन्या ट्रकच्या वाटीतच अंशाहून जास्त खेळ निघाला. त्या खेळात फळी झुकत होती आणि चाकं वळतच नव्हती.

नव्या मागच्या ट्रकवर रेघ 25ला होती. 25 असेल तर फरक साडेनऊ सेंटिमीटरच्या वर यायला हवा. आला साडेआठ. गणित केलं तर कोन साडेबावीस. पुढचा 48वर लावलेला. तोही अडीच अंशांनीच कमी. दोन्हीकडे सारखीच तूट म्हटल्यावर बाबांनी ट्रक सोडला आणि फळीकडे पाहिलं. सरळ पट्टी फळीच्या पाठीवर लांबीनं ठेवली. मध्ये टेकत होती, टोकांना उजेड दिसत होता. फळी धनुष्यासारखी वर फुगलेली होती, स्लॅलमच्या पुष्कळ फळ्या अशाच करतात, आणि त्यामुळे दोन्ही बेसप्लेट अडीच अडीच अंश टोकाकडे उतरत्या बसल्या होत्या. टोक खाली गेलं की बिजागरीची रेषा आडवी होते आणि कोन घटतो.

मी लगेच रेघ साडेसत्तावीसवर न्यायला पान्हा उचलला. बाबा म्हणाले, “थांब. उभा रहा बघू.”

फळी फरशीवर ठेवली. मी भिंतीला हात लावून तिच्यावर उभा राहिलो. बाबा सत्तरी ओलांडलेले, उकिडवे बसले, गाल फरशीला टेकतील इतके वाकले आणि कोनमापक आधी मागच्या, मग पुढच्या बेसप्लेटला लावला. मी उतरलो, पुन्हा मोजलं. पुन्हा चढलो. असं सहा वेळा. माझ्या वजनाखाली फळीचा बाक पूर्ण उतरत होता आणि ती सपाट होऊन आणखी अर्धा अंश खालच्या बाजूला झोल खात होती. म्हणजे मी तिच्यावर असताना मागचा कोन साडेपंचवीस होता. रेघ 25 सांगत होती, टेबल साडेबावीस, आणि पायाखाली साडेपंचवीस. गुडघे मोडून दोनदा रेटा दिला तेव्हा आकडा 27च्या पुढे गेला. वळणाच्या टोकाला, जिथे रेटा सगळ्यात जास्त असतो, तिथे फळी आपोआप जास्त वळू लागते. ही गोष्ट माझ्या पायांना कधीपासून माहीत होती. मी तिला फळीचा स्वभाव म्हणत होतो.

तेव्हापासून कुणी मला ‘पुढे 48, मागे 25’ असं सांगितलं की मी विचारतो, फळी कुठली आणि वजन किती. 90 किलोच्या माणसाखाली माझी फळी आणखी झोल खाईल, आणि त्याचा 25 माझ्या 25हून वेगळा असेल. कडक, न वाकणारी फळी असेल तर रेघेवर विश्वास ठेवायला हरकत नाही. मऊ फळीवर रेघ ही फक्त परत त्याच जागी येण्यासाठी केलेली खूण आहे. तिचा तेवढा उपयोग मोठा आहे, आणि तिच्याकडून तेवढीच अपेक्षा धरावी.

बुशिंगबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण सगळ्यात जास्त पडझड त्या गैरसमजातून होते. फळी थरथरली की लोक किंगपिनचा नट आवळतात. नट आवळल्यानं झुकायला जोर जास्त लागतो, कोन तसाच राहतो. एक अंश झुकलं की किती वळायचं हे बिजागरी ठरवते. एक अंश झुकायला किती दाबायचं हे युरेथेन ठरवतं. अवघड पाहिजे की कमी वळणारी पाहिजे, हे दोन प्रश्न आहेत. मागे 50चा ट्रक ठेवून नट कितीही आवळला तरी ज्या क्षणी घाबरून तुमचं सगळं वजन एका कडेवर येतं, त्या क्षणी फळी जितकी झुकेल तितक्या झुकावाला मागची चाकं तेवढीच वळतात जेवढी सैल नटाला वळली असती. शिवाय युरेथेन हवेनुसार बदलतं. उन्हात तापलेल्या रस्त्यावर दुपारी तेच बुशिंग सकाळपेक्षा मऊ लागतं. आधी कोन मागे कमी करावा, मोजावा, आणि मग बुशिंगशी खेळावं. मी हे नव्या मुलांना दर रविवारी सांगतो, आणि त्यातली बरीचशी दर रविवारी पान्हा घेऊन नटाकडेच वळतात.

दांडा बिजागरीच्या रेषेवर नेमका आहे की थोडा पुढे-मागे, यानंही फळीचा नूर बदलतो. काही हॅंगर उलटे करून बसवता येतात आणि तेवढ्यानं मधली चाल सुस्त किंवा चंचल होते. यात मी अजून रुळतो आहे.

बाबा नोव्हेंबरात परत गेले. जाताना वहीत त्यांच्या अक्षरात चार ओळी होत्या: तारीख, फळी, वजनासह पुढचा कोन, वजनासह मागचा कोन. पाचव्या ओळीपासून माझं अक्षर सुरू होतं. पुढचा 46, मागचा 24. पुढचा 46, मागचा 22, शंकू दीड मीटरवर, शेपूट जड. पुढचा 48, मागचा 22, दोन शंकू पडले, दोन्ही मागच्या चाकानं. प्रत्येक वेळी एकच ट्रक हलवायचा, दोन अंशांहून जास्त नाही, हा नियम त्यांनी घालून दिलेला. दोन्ही एकदम हलवले की काय झालं ते कळतं, कशानं झालं ते कळत नाही.

लाकडी ठोकळे रचून 20 अंश जुळवायला दर वेळी दहा मिनिटं जातात अशी कुरकूर मी एकदा फोनवर केली होती. महिन्याभरानं ओळखीच्या एका कुटुंबाच्या सामानातून पार्सल आलं. आत जाडजूड पोलादी ठोकळा, शिरोलीतल्या कुठल्यातरी ओळखीच्या ग्राइंडरवर घासून आरशासारखा केलेला, वरची बाजू तिरपी. फळीला चिकटवून क्लॅम्प लावला की झुकाव बरोबर 20. कोनमापकानं तपासला, दशांशाचाही फरक नाही. बाजूला 20 हा आकडा पंच केलेला होता. आणि त्याच्या खाली एक छोटा बाण, तळाच्या पृष्ठभागाकडे तोंड केलेला, शेजारी एकच शब्द: इथनं.